सातवी कोणाची?

बंदराच्या रस्त्याला लागून स्कूबावाल्यांची दुकानं होती, एकाला एक चिकटून. प्रत्येकाच्या दारात दोरीवर रबरी पोशाख वाळत घातलेले. काळे, डोकं नसलेले, पायांतून टपटप पाणी गळणारे. पहिल्याच दोरीपाशी सिस्टरनी मान फिरवली आणि रुमाल तोंडावर धरला.

"वास येतो का, आई?" सुनेनं विचारलं.

"वासाचं काय घेऊन बसलीस? आख्खा जन्म वॉर्डात गेला माझा. पण हे बघवत नाही. माणसं टांगल्यासारखी दिसतात."

"मग मान खाली घालून चला. मी हात धरते."

"हात धरायला मी काय आंधळी आहे?" असं म्हणत सिस्टरनी हात दिला.

सिस्टर म्हणजे तिची सासू. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना सिस्टरच म्हणत. मुलगासुद्धा लाडात आला की आई सोडून सिस्टर म्हणायचा. सून चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. दिवसभर "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?" असं विचारून दमलेली संध्याकाळी घरी परतायची, तर सिस्टर दाराकडे तोंड करून बसलेल्या. तिची वाट बघत नव्हे. तिच्या मागून आणखी कोणी येतंय का, ते बघत.

कारण मुलगा सापडला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर तो बुडी मारायला आला होता. लहानपणापासून पाण्याचा वेडा. आंघोळीच्या बादलीत डोकं घालून बसायचा, म्हणून सिस्टर त्याला पाणकोंबडा म्हणायच्या. स्कूबाचं कार्ड नुकतंच हातात पडलेलं. त्या दिवशी बोटीवर सगळ्यांच्या जोड्या लागल्या आणि हा एकटा उरला. "या दोघांच्या मागे मागे राहा," असं त्याला कोणीतरी सांगितलं. खाली एका ठिकाणी समुद्राचा तळ कड्यासारखा तुटतो, आणि त्या दिवशी पाण्याची ओढ तिकडेच होती. ते दोघं एकमेकांचा हात धरून वर आले. दोघंही म्हणाले, आम्हाला वाटलं, तो मागेच आहे. त्याला नेणारं दुकान पुढे बंद पडलं, मालक गाव सोडून गेला. शोधणारे थकले. समुद्र काही थकला नाही.

सिस्टरनी नोकरीत किती नातेवाइकांना बाजूला घेऊन वाईट बातमी सांगितली असेल, त्याची मोजदाद नाही. त्या कधी घुटमळल्या नाहीत, कधी आशा लावून ठेवली नाही. पण स्वतःवर आली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट घट्ट धरली. मी पाहिलेला नाही. न पाहता मी आजवर कुणाला गेला म्हटलेलं नाही, आता पोटच्या पोराला म्हणू?

रात्रीची भांडी आवरताना त्या ओठातल्या ओठात काहीतरी जुळवत बसायच्या. सुनेला एकदा स्पष्ट ऐकू आलं होतं:

दर्याच्या गं पोटात किती दारं किती खोल्या,
लेक माझा कोण्या घरी, वाटा पुसू कशा ओल्या?

"कोणीतरी खाली जाऊन बघायला पाहिजे," एक दिवस त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या कानाचा पडदा फाटलेला, गुडघे गेलेले. दोघींच्या घरात 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

सुनेला पाण्याची भीती होती. तलावातल्या पहिल्या धड्याला तिनं मास्क फेकून दिला, काठ धरला आणि भडाभडा ओकली. तरी दुसऱ्या दिवशी गेली. शिकली, पास झाली, कार्ड मिळवलं. खाली काही मिळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा हिशेब साधा होता. एकदा जाऊन यायचं, बघितलं म्हणून सांगायचं, म्हणजे आईंना झोप लागेल.

आता प्रश्न एवढाच होता की तिला खाली नेणार कोण.

पहिल्या दुकानात एक बाई टेबलाशी बसून श्वासाच्या नळीचा रेग्युलेटर दातांच्या ब्रशनं घासत होती. केस कातरलेले, मान उन्हानं रापलेली. तिनं हात पुसले, कार्ड उजेडात धरून पाहिलं आणि विचारायला सुरुवात केली. शेवटची बुडी कधी? तलावात की समुद्रात? कान दुखतात का? कुठल्या गोळ्या चालू आहेत? काल झोप झाली का?

"हिस्टरी घेतेय," सिस्टर सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. "बरी आहे. मास्तरीणबाई आहे अगदी."

मास्तरीणबाईंनी सुनेला तिथंच, कोरड्या फरशीवर, जॅकेट आणि टाकी चढवायला लावली. मग स्वतःही चढवली आणि समोर उभ्या राहिल्या. "आता मला तपास. मी तुला तपासते." दोघींनी एकमेकींची जॅकेटं फुगवून पाहिली, कमरेची शिशाची वजनं चाचपली, बकलं ओढून पाहिली, हवेचे काटे बघितले. दोन लहान मुली एकमेकींची वेणी घालताना दिसाव्यात तशा दिसत होत्या.

"माझ्या बोटीवर तिसरं कोणी नसतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सगळे जोडीनं. एखादा उरला तर त्याची जोडीदार मी. तुझी मीच होईन. कुठं जायचंय?"

उत्तर सिस्टरनी दिलं. "कड्याखाली."

मास्तरीणबाईंनी सावकाश बकल सोडलं. टाकी उतरवून भिंतीला टेकवली, आणि ती घरंगळणार नाही अशी नीट बसवली. मग सिस्टरसमोर स्टूल ओढून बसल्या.

"तुम्ही त्याच्या आई का?"

"हो."

"मी गेले होते तेव्हा शोधायला. सगळ्याच दुकानांतले गेले होते."

"मग? दिसला?"

"नाही."

"नीट बघितलंत?"

"माझी हवा पुरली तिथवर बघितलं." त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "बाई, हे कार्ड अठरा मीटर खोलीपर्यंतचं आहे. कड्याचा काठ त्याच्या आत येतो. तिथवर नेईन. काठावरून खाली बघू दे तिला. त्याच्या खाली नाही."

"काठावरून काय कळतं?" सिस्टरचा आवाज चढला. "दारात उभं राहून पेशंट बघतात का कधी? आत जावं लागतं, पांघरूण काढावं लागतं!"

"लागतं. पण मी नेणार नाही."

"पैसे जास्त घ्या."

"पैशाचं नाही हो ते."

सिस्टर उठल्या. गुडघ्याची कळ दाबत, ताठ चालत बाहेर पडल्या आणि रस्त्यावर येताच म्हणाल्या, "भित्री आहे. मास्तरीण कसली, भागूबाई!"

"आई, ती बरोबर बोलतेय."

"बरोबर बोलणारी माणसं मला दोन वर्षं भेटतायत. मला नेणारं माणूस पाहिजे."

टपरीवर दोघींनी चहा घेतला. सिस्टरनी बशीत ओतला आणि तसाच निवू दिला. समोर समुद्र सपाट पडला होता, इस्त्री केल्यासारखा. सून त्यांच्याकडे बघत राहिली. या बाईचं पूर्वी काय हसू होतं! घरात एक हसली की तिघं हसायची. आता तोंडावरची प्रत्येक सुरकुती दाराकडे वळलेली.

"चला," सून म्हणाली. "रांगेत अजून दुकानं आहेत."

दोन ठिकाणी नकार मिळाला. एका ठिकाणी तर कड्याचं नाव काढताच मालकानं शटर अर्धं खाली ओढलं. मग आलं ते शेवटचं, मोठ्ठं दुकान. आत गाणी लागलेली, भिंतीभर माशांचे फोटो, बसायला मऊ सोफा. मालक दारातूनच हसत आला, आणि पुढचा अर्धा तास त्याचं हसू काही मिटलं नाही. सिस्टरनी त्याचं लगेच नाव ठेवलं, हसरे.

"या काकू, या! बसा. थंड काय घेणार? सूनबाई जाणार का बुडी मारायला? वा वा!"

"कड्याखाली जायचंय," सिस्टर सोफ्याच्या कडेला टेकत म्हणाल्या. नकार झेलायला त्यांनी खांदे आवळून घेतले होते.

"मग जाऊ की!"

सिस्टरना वाटलं, आपल्या फाटक्या कानानं दगा दिला. "काय म्हणालात?"

"जाऊ म्हटलं. उद्या सकाळीच बोट आहे. खाली जायचं, कड्याला हात लावायचा, वर यायचं. त्यात काय एवढं?"

"हिचं कार्ड अठरा मीटरचं आहे."

"अहो काकू, समुद्राला कुठं वाचता येतं!"

आणि सिस्टर हसल्या. खरोखर हसल्या, आवाज काढून. हे हसू परत बघायला मिळावं म्हणून ती गेले कित्येक महिने तलावाचं पाणी पीत होती, आणि ते हसू ह्या माणसानं एका थट्टेत काढून दाखवलं. तिनं मनाशी ठरवून टाकलं. जायचं. कसंही असो, ह्याच्याच बरोबर जायचं.

"जॅकेटचं माप बघू," ती म्हणाली.

हसरेंनी एक जॅकेट खुंटीवरून काढून तिच्या अंगावर चढवलं, मागे टाकी अडकवली, बकल खटकन लावलं. "झालं! राणी दिसताय राणी."

सून सवयीनं वळली. तलावात शिकवलेलं अंगात मुरलं होतं. जॅकेट चढलं की जोडीदाराकडे तोंड करायचं, त्याची वजनं, त्याची बकलं, त्याची हवा. ती उजवीकडे वळली आणि दोन्ही हात पुढे केले. समोर कोणी नव्हतं. हात क्षणभर हवेतच राहिले, मग तिनं ते कसनुसं हसून स्वतःच्याच पट्ट्यावर ठेवले.

सिस्टरनी ते पाहिलं. त्यांच्या हातातला थंड पेयाचा ग्लास तोंडापाशी गेला होता, तो खाली आला.

"उद्या बोटीवर किती जण आहेत?" त्यांनी विचारलं.

"सूनबाई धरून सात. मस्त ग्रुप आहे. जोडपी आहेत सगळी, हौशी."

"सात."

"हो."

"म्हणजे तीन जोड्या. आणि सातवी कोणाची?"

"काय, काकू?"

"सातवी. ही. ही कोणाच्या जोडीला?"

"असं जोडीबिडी काही लागत नाही हो. मी पुढे असतो ना! ही आपली सगळ्यांच्या मागे मागे येईल. सगळ्यांचीच की ती!"

सिस्टर उठल्या. ग्लास ठेवायला जागा सापडेना, तो त्यांनी सोफ्यावरच ठेवला, आणि तो कलंडून लाल पाणी गादीवर पसरलं तरी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या सुनेपाशी आल्या आणि बकल उघडायला लागल्या. ते निघेना. आयुष्यभर हलत्या पेशंटच्या शिरेत सुई घातलेली ती बोटं, आता एका प्लास्टिकच्या खटक्यावर घसरत होती.

"आई, काय करताय?"

"काढ हे."

"आई, मी जाते ना. एकदा जाते. ते हो म्हणतायत. कोणीच हो म्हणत नाही हो, हे म्हणतायत."

"काढ म्हणते ना!"

"काकू, घाबरू नका—"

"घाबरत नाही मी," सिस्टर वळून म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. वॉर्डात चढायचा नाही, तसा. "आमच्या वॉर्डात प्रत्येक खाटेला एक सिस्टर लावून दिलेली असायची. जो सगळ्यांचा पेशंट, तो कोणाचाच नाही. त्याच्याकडे सगळे बघून जातात, आणि त्याचं पाणी सकाळपर्यंत तसंच असतं." मग एकदम त्यांचा सूर गेला. "माझा पोरगा सगळ्यांच्या मागे होता हो."

हसरेंचं हसू पहिल्यांदाच मिटलं. त्यांनी बकल काढून दिलं.

बाहेर उन्हात आल्यावर सून रडायला लागली. रस्त्यातच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. "मला जाऊ द्यायचं होतं तुम्ही. मी बघून आले असते. तुम्हाला झोप लागली असती."

"माझ्या झोपेसाठी शिकलीस तू हे?"

सुनेनं तळव्यानं डोळे पुसले.

"पाण्याला इतकी घाबरतेस, आणि माझ्या झोपेसाठी?" सिस्टर कठड्याला टेकल्या. समोरून येणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. "आणि तू आली नाहीस म्हणजे? मग मी दाराकडे कोणासाठी बसू, दोघांसाठी? तुझ्या आईला कोणत्या तोंडानं सांगू? तिची तर तू एकुलती." त्यांनी आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. "माझं डोकं फिरलं होतं गं. पोरीला जिथं जायचं नाही तिथं मीच ढकलत होते."

मास्तरीणबाई अजून त्याच टेबलाशी होत्या. दोघींना दारात बघून त्यांनी ब्रश बाजूला ठेवला.

"मघाशी मी जरा जास्त बोलले," सिस्टर म्हणाल्या.

"बोललात. बसा."

"काठापर्यंतच ना?"

"काठापर्यंतच. आणि मध्येच हिला नको वाटलं तर तिथूनच मागे. का म्हणून कोणी विचारणार नाही. मी नाही, तुम्हीही नाही."

"मी बोटीवर येणार."

"उलट्या होतील."

"मी लोकांच्या उलट्या काढण्यात जन्म घातलाय. माझी मी काढेन."

सकाळी पाणी हिरवट होतं. बोट लहान; मास्तरीणबाई, सून, सिस्टर आणि एक अबोल, म्हातारा बोटवाला. नांगर टाकल्यावर त्या दोघींनी एकमेकींना तपासलं. सिस्टर प्रत्येक बकलाबरोबर ओठ हलवत होत्या. मग सुनेनं मास्क लावला, तोंडात नळी धरली आणि बोटीच्या कडेवर बसून मागे पाठीवर पडली. पाणी उसळलं, फाकलं आणि मिटलं. वर काही राहिलं नाही.

सिस्टर कडेला ओणवल्या. "दिसत नाही!"

"दिसायच्या नाहीत. बुडबुडे बघा," बोटवाला म्हणाला. "ते बघा, दोन ठिकाणी येतायत. दोघींचे."

"म्हणजे श्वास चाललाय."

"म्हणजे चाललाय."

सिस्टर बुडबुड्यांना डोळे लावून बसल्या. आजाऱ्याच्या उशाशी बसून सलाईनचा थेंब न् थेंब बघावा, तशा. खालून चांदीच्या चुऱ्यासारखा एक झुपका यायचा, वर फुटायचा. शेजारी दुसरा. मग थोडा वेळ नुसतं पाणी, आणि परत एक झुपका. हळूहळू ते बुडबुडे बोटीपासून लांब जायला लागले. कड्याच्या दिशेनं. घरून निघताना सिस्टरनी एकच मागणं मागितलं होतं, दिसू दे. काहीही, एखादं बोट, एखादा जोडा, पण दिसू दे.

दोन झुपक्यांचा एक झाला.

"एकच आहे! अहो, एकच येतोय!"

"जवळ आल्या असतील."

"असतील म्हणजे? असतील म्हणजे काय?"

"काठ आला असेल. तिथं त्या बाई हात धरतात." बोटवाल्यानं डोळ्यांवर हाताची सावली धरली. "दम धरा."

सिस्टरनी बोटीची कड धरली. लाकडाचं कुसळ तळव्यात गेलं, ते त्यांना नंतर कळलं. त्यांच्या तोंडातून मागणं बाहेर पडत होतं, पण ते उलटं झालं होतं. दिसू नये. काही दिसू नये माझ्या बाईला. नुसती वर येऊ दे.

झुपक्याचे पुन्हा दोन झाले. ते बोटीकडे वळले. आणि बऱ्याच वेळानं, पाण्याला भोक पडावं तसं, सुनेचं डोकं वर आलं.

तिला वर ओढून घेताना सिस्टरनी टाकीसकट मिठी मारली. मास्कचा लाल वळ तिच्या कपाळभर उमटला होता, नाकातून पाणी येत होतं. सिस्टरनी रुमालानं तिचं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं, आणि काही विचारलं नाही.

सूनच बोलली. "आई, काठ बघितला."

"असू दे."

"खाली निळं होतं. मग जास्त निळं. मग काहीच नव्हतं." तिचे दात थंडीनं कडकडत होते. "आणि आई... काठाच्या आधी ना, इवलेसे मासे होते, पिवळे. माझ्या बोटांतून जात होते. एवढं छान होतं. मला रडू यायला हवं होतं, आणि मला छान वाटत होतं. हा का जायचा सारखा पाण्यात, ते मला आत्ता कळलं."

सिस्टरनी तिचे ओले केस मानेवरून बाजूला केले. बराच वेळ करत राहिल्या.

"मास्तरीणबाई म्हणतात, पुढचा कोर्स केला की आणखी खाली जाता येतं," सून म्हणाली. "मी करते. पुढच्या वर्षी आपण परत येऊ. मी कड्याखाली जाईन, तुमच्यासाठी नीट बघून येईन."

"नको."

"पण तुम्ही म्हणता, पाहिल्याशिवाय—"

"नको म्हटलं ना." सिस्टर पाण्याकडे बघत होत्या, जिथं शेवटचे बुडबुडे फुटले होते तिथं. "तुला मासे बघायचे असतील तर ये. खुशाल ये. पण माझ्या पोराला बघायला खाली जायचं नाही. तो एकटा गेला, एकटाच आहे. आता त्याच्या सोबतीला मी कोणाला पाठवणार नाही."

हे वाक्य बोलून झालं, आणि आपण 'गेला' म्हटलं, ते त्यांच्या त्यांनाच ऐकू आलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. आवाज मात्र निघेना.

मास्तरीणबाईंनी मान वळवून बोटवाल्याकडे पाहिलं. त्यानं नांगर ओढून घेतला आणि इंजिन चालू केलं, लागतं त्यापेक्षा कितीतरी मोठं. त्या आवाजाच्या आडोशाला सिस्टर ओरडून रडल्या, पोराचं खरं नाव घेऊन. किनारा येईपर्यंत बोटवाल्यानं इंजिन काही कमी केलं नाही.